डावा जरा लाजतो

कुरिअरच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाचे नाव जागृती सावेला त्याची ओळख होण्याआधीच पाठ होते, आणि त्या नावाविषयी तिचे मत चांगले नव्हते.

ऑक्टोबरची संध्याकाळ होती. बोईसरहून बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गाळ्यात पंखा फिरत होता, पण वारा फक्त आतल्या माणसाला लागत होता. त्याने एक खोके उचलून आरोळी ठोकली, "निमेश तांडेल, घिवली! किसका है?"

"माझं हाय, भाऊ." सावळा, उंच, बाहीला सोल्डरचा डाग असलेला एक तरुण पुढे झाला आणि त्याने ते खोके झोपलेल्या मुलाला उचलावे तसे दोन्ही हातांनी घेतले.

स्वतःच्या पार्सलसाठी रांगेत उभ्या असलेल्या जागृतीची नजर खोक्याच्या कडेवर गेली. पाठवणार: नादसेतू ऑडिओ, पुणे.

तिच्या ओठांवर जे स्मित उमटले ते पाहून तिच्या हाताखालची माणसे आपापले कागद पुन्हा तपासत असत. निमेश तांडेलला ते ठाऊक नव्हते. त्याला ते स्मित चक्क आवडले.

"नाजूक दिसतंय," ती म्हणाली.

"हां... म्हंजे, हाय थोडं."

"काचेचं?"

"रेशमाचं."

"साडी?"

तो हसला. "साडी असती तर एवढी सांभाळून धरली नसती."

"साडी कुणासाठी आहे त्यावर असतं ते."

आता त्याने तिच्याकडे नीट पाहिले. "तुमी पोलिसात हाय का?"

"औषधांच्या कंपनीत. गुणवत्ता तपासणी." तिने गळ्यातले ओळखपत्र पुढे केले; त्याने त्यावरचे तिचे नाव आणि कंपनीचे नाव वाचले.

"म्हंजे तेच."

हसू येणे तिच्या योजनेत नव्हते. तिने ते आवरले. "नादसेतू म्हणजे स्पीकरवाले ना? मला तीच डॅनिश जोडी घ्यायची आहे. तुमची ऐकायला मिळेल?"

"मिळेल की. पण माझ्याकडं ती जोडी हाय, हे तुमाला कसं कळलं?"

"खोक्यावर लिहिलंय..."

"खोक्यावर माझं नाव लिवलंय. माझ्याकडं काय हाय ते नाय लिवलेलं."

कानांच्या पाळ्या तापल्याचे तिला जाणवले. दिवसभर लोकांच्या चुका पकडणाऱ्या बाईला कुणी पकडले की कसे वाटते, हे तिला पहिल्यांदाच समजत होते. "अंदाज," ती म्हणाली.

"चांगला हाय तुमचा अंदाज." खोके छातीशी धरूनच तो मागे सरला. "शनिवारी दुपारी या. आई घरी असते, तवा... काळजी करू नका."

काळजी ती करणारच होती. काळजी हा तिचा व्यवसाय होता आणि संशय हा तिचा छंद.

*

'श्रवणकट्टा' नावाचा ऑनलाइन समूह हे त्या छंदाचे कार्यक्षेत्र. फडताळावर मावतील एवढे दोन स्पीकर लाखभर रुपयांना विकत घेणाऱ्या चार हजार मराठी माणसांनी तेथे एकमेकांसाठी मालकांचे अभिप्राय लिहून ठेवले होते. त्या अभिप्रायांची भाषा हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरावा. जो तो लिहितो की पडदा दूर झाला. गायिका समोर येऊन बसली. बायकोसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. घेतलेल्या वस्तूला नावे ठेवणे म्हणजे आपल्याच अकलेला नावे ठेवणे, आणि एवढा प्रामाणिकपणा मध्यमवर्गाला परवडत नाही. हे झाले भाबड्यांचे. काहींना मात्र विक्रेत्यांकडून खोकी येत आणि खोक्यांच्या पाठोपाठ अभिप्राय येत. अशांची नावे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जाहीर करणारी एक व्यक्ती समूहात होती. तिचे टोपणनाव 'निकष'. सहा नावे तिने आजवर जाहीर केली होती आणि एकही मागे घ्यावे लागले नव्हते.

निकष म्हणजे पालघरची जागृती सावे, हे कुणालाही माहीत नव्हते.

तिच्या या थंड संतापाला एक पूर्वपीठिका होती. तीन वर्षांपूर्वी तिचे लग्न ठरले होते. भावेश नावाच्या त्या स्थळाची रीतसर चौकशी झाली होती, आणि शेजारी, मामा, बँकेतले साहेब अशा सर्वांचा अभिप्राय एकच होता: मुलगा सोन्यासारखा. साखरपुड्यानंतर कळले की सोन्यासारख्या मुलाचा वसईत आधीच एक संसार आहे आणि चौकशीला उत्तरे देणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना तो ठाऊक होता. चांगल्या घरचे लग्न मोडायला नको म्हणून त्यांनी चांगले सांगितले होते. तेव्हापासून एकमुखाने केलेली स्तुती ऐकली की जागृतीच्या मानेवरचे केस उभे राहत.

निमेश तांडेलचा अभिप्राय तिने त्या आठवड्यात चाळीस वेळा वाचला होता. तो खऱ्या नावाने लिहिला होता, हीच मुळात संशयास्पद गोष्ट. 'मी घिवलीचा. बोटींचे वायरलेस दुरुस्त करतो. वीजकेंद्राच्या वसाहतीतले एक साहेब निवृत्त होऊन गावी गेले, त्यांनी जाताना ही जोडी मला कमी किमतीत दिली. आमच्याकडे जाळी विणतात त्या खोलीत ठेवली आहे. एवढा खरा आवाज मी ऐकला नव्हता. डावा घरी आल्या दिवसापासून जरा लाजतो, पण त्याला कारण घरचे आहे.'

स्पीकर लाजतो? घरचे कारण म्हणजे कसले? आणि वायरलेस दुरुस्त करणाऱ्याच्या घरी डॅनिश जोडी? त्यावर कडी म्हणजे आता विक्रेत्याकडून आलेले खोके!

समूहातले लोक साताऱ्याहून, नाशिकहून आपले अँप्लिफायर निमेशकडे दुरुस्तीला पाठवत, केवळ त्याच्या शब्दावर. बोटींची कामे वर्षाचे काही महिनेच असत. उरलेले वर्ष तो या खोक्यांवर काढी. नाव यादीत आले की तो शब्द संपणार होता, हे जागृतीला माहीत होते. म्हणूनच ती ऐकायला निघाली. फाशी देण्याआधी आरोपीचे म्हणणे ऐकावे, इतपत तिचा कायद्यावर विश्वास होता.

*

घिवलीत शिरताना वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आधी आला, मग समुद्र. किनाऱ्यापलीकडे वीजकेंद्राचे धुराडे रखवालदारासारखे उभे होते.

"या, या... सापडलं घर?" निमेशने केस विंचरले होते. तो घाईने विंचरल्याचा पुरावा उजव्या कानामागे उभा होता. आणि तो पाहून आपल्याला बरे का वाटले, याची जागृतीने मनातल्या मनात नोंद घेतली नाही.

"आये, ह्या मॅडम. डबे ऐकायला आल्यात."

येसूबाई दारात आली. पन्नाशी ओलांडलेली, मोकळे कपाळ, हातावर माशांच्या खवल्यांची चमक. तिने जागृतीला वरपासून खालपर्यंत पाहिले, म्हणजे गुणवत्ता तपासणी येथेही होतीच. "बस गे बाय. चा टाकते."

जाळ्यांच्या ढिगाजवळ दोन लाकडी घोड्यांवर ती जोडी बसली होती. दोन्हींच्या तोंडावर काळी जाळीदार झाकणे.

"झाकणं काढा ना," जागृती म्हणाली. "आवाज मोकळा येतो."

निमेशने चुलीकडे पाहिले. "राहू द्या. धूळ बसते."

खोटे. तिने पहिली खूण केली.

एका बाईचा आवाज खोलीत उलगडला, आणि क्षणभर जागृतीचा संशय गप्प बसला. आवाज खरोखरच खरा होता: श्वास घेण्याआधीची ओठांची हालचालसुद्धा ऐकू येत होती. निमेश तिच्याकडे पाहत होता. स्वतः रांधलेले दुसऱ्याने खाताना पाहावे तसा. त्यांची नजरानजर झाली. तो ओशाळला, तिने मान वळवली... आणि मान वळली म्हणूनच तिला कळले. बारीक, चमकते स्वर सगळे उजवीकडून येत होते. डावीकडे नुसता गाभा होता.

"डाव्याचा ट्वीटर—"

"बिस्किट घ्या ना!" निमेश एवढ्या जोरात म्हणाला की चुलीपाशी भांडे वाजले.

"मी म्हणत होते, बारीक आवाज काढणारी जी रेशमी घुमटी असते, ती डाव्याची—"

त्याने आवाज वाढवला. मग वाकून अगदी हलक्या सुरात म्हणाला, "मॅडम, पाया पडतो. इथं नको. बाहेर बोलू."

बाहेर बोंबलांच्या मांडवाखाली ती हाताची घडी घालून उभी राहिली. "डावा बिघडला आहे."

"हाय."

"तुम्हाला माहीत आहे."

"मला नाय तर कुणाला?"

"तरी तुम्ही स्तुती लिहिलीत. आणि विक्रेत्याकडून खोकं आलं. त्यात काय आहे?"

वाऱ्याने त्याचे विंचरलेले केस पुन्हा होते तसे केले.

"कसा बिघडला?"

"ते नाय सांगता येणार."

"का?"

"तुमीच निकष ना?" तो एकदम म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. "एवढे सवाल दुसरं कोण इचारतंय. माझ्या मनात आलंच होतं त्या दिवशी... तरी बोलावलं."

"का बोलावलंत?"

"हसलात ना तुमी. साडीवरनं." त्याने नजर वाळूत रोवली. "जे वाटलं ते लिवा. मी अडवणार नाय. फक्त माझ्या घरात त्या डाव्याबद्दल काय बोलू नका."

चहा न पिताच ती निघाली. स्कूटी तिने दोनदा बंद पाडली, आणि ते रागानेच झाले, असा निष्कर्ष काढला.

*

रविवारी सकाळी यादी लागली. 'सातवे नाव: निमेश तांडेल, घिवली. विक्रेत्याकडून त्यांना बंद खोके आलेले मी पाहिले. डावा स्पीकर सदोष आहे, हे मी ऐकले. कारण विचारता त्यांनी सांगण्यास नकार दिला.'

तिन्ही वाक्ये खरी होती. खऱ्या वाक्यांनी असत्य बांधता येते, हे तिला ग्रंथांतून ठाऊक होते. पण ग्रंथांतले ज्ञान ऐनवेळी उपयोगी पडते थोडेच?

निमेशने खाली एकच शब्द लिहिला: 'वाचले.'

पुढच्या चार दिवसांत तिघांनी आपले अँप्लिफायर दुरुस्तीविना परत मागवले. लोक निकषाचे अभिनंदन करत होते. ते वाचताना जागृतीला एखाद्या सुखाची वाट पाहून ते न आल्यासारखे वाटत होते. खोटारडा माणूस स्वतःच्या बचावासाठी काहीतरी बोलतो. हा का बोलत नाही?

गुरुवारी संध्याकाळी ती बोईसरच्या मासळी बाजारात शिरली, तोच हाक आली. "ए बाय! चा न पिता पळालीस ती तूच ना?"

येसूबाई टोपलीमागे बसली होती. पळून जाण्याइतकी जागा बाजारात नव्हती.

"मांदेली घे."

"ताजी आहे?" सवयीने शब्द निघून गेला.

"माझ्या तोंडाकडं बघ नि माशाच्या डोळ्याकडं बघ. ज्याच्यावर इश्वास बसंल त्याला इचार." येसूबाईने वाटा केळीच्या पानावर मांडला. "पोरगा चार दिस मुका झालाय. भांडलात काय?"

"नाही हो, मावशी. तेवढी ओळख तरी कुठे आहे?"

"तेच म्हंते मी. ओळख नाय, तर एवढं भांडण कसं झालं?" ती मिस्कील हसली, मग हसू मावळले. टोपलीवरून पुढे झुकून तिने आवाज खाली आणला. "एक इचारू? तू शिकलेली हायस. ते डबे ऐकून गेलीस. कसे वाजतात?"

"का विचारता?"

"त्यांना कुंकू मी लावलंय."

जागृतीच्या हातातली पिशवी स्थिर झाली.

"आमच्यात नव्या बोटीला घरची बाई कुंकू लावते. नाळेला, म्हंजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नि इंजिनाला. निमेशचा बाप वारला, तवा जावेनं माझ्या हातनं करंडा काढून घेतला. सहा वर्सं झाली. नारळी पुनवेला मी सगळ्यांच्या मागं उभी राहते. पोरानं हे डबे आणले, तवा करंडा आणून माझ्या हातात दिला. म्हणाला, आये, तूच लाव, दुसरा हात नको. मी म्हटलं, काय वाईट झालं म्हंजे? तर म्हंतो, तुझ्या हातानं वाईट होतच नाय." तिने हवेत अंगठा धरला आणि जोर देऊन दाखवला. "अशी झाकणं काढून, मधोमध, दाबून लावलं. इंजिनाला लावतात तसं. आत कसं मऊ लागलं... रेशमासारखं! दुसऱ्याला लावाय गेले, तर पोरानं हातच धरला. म्हणाला, एकाला पुरे, जोडी हाय ना ती."

बाजाराचा गोंगाट जागृतीला दूर कुठेतरी ऐकू येत होता. नवऱ्याच्या मरणाची नोंद बायकोचे कपाळ पुसून ठेवणाऱ्या समाजाबद्दल तिने पुष्कळ वाचले होते, पुष्कळ चिडली होती. ते सगळे त्या एका अंगठ्यापुढे कागदी होते. सहा वर्षे अडवलेला हात जेव्हा मोकळा होतो, तेव्हा तो हलकेच कसा टेकेल? नाण्याएवढ्या रेशमी घुमटीला तो सोसणार तरी कसा?

"जाव बोलली, बघ, रांडमुंडेचा हात लागला, महिन्यात बंद पडतात. तीन महिने झाले की! रोज वाजतात." येसूबाईच्या डोळ्यांत विजय होता, आणि विजयाच्या मागे भीती. "वाजतात ना नीट? निमेश चांगलंच सांगणार, पोर हाय माझं. तू तिऱ्हाईत. तू खरं सांग."

ज्या बाईने एकाही मालकाला एक खोटे विशेषण माफ केले नव्हते, ती त्या टोपलीसमोर उकिडवी बसली.

"उत्तम वाजतात, मावशी."

"दोन्ही?"

"दोन्ही. आणि डावा..." तिने येसूबाईच्या डोळ्यांत पाहिले, "डावा तर जास्त गोड आहे."

येसूबाईने वाट्यात आणखी मूठभर मांदेली टाकली. खोट्या अभिप्रायाबद्दल मिळालेला तो मोबदला घेऊन निकष घरी गेली.

*

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने लिहिले: 'निमेश तांडेल यांच्याविषयी मी लिहिलेले चूक होते. खोके त्यांनी विकत घेतलेले आहे. पावती मी पाहिलेली नाही. डाव्या स्पीकरचे कारण घरचे आहे, हे त्यांनी आधीच लिहिले होते. ते कारण मला कळले आहे. ते मी सांगणार नाही. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा. माझ्याही.'

समूहाला मेजवानी मिळाली. 'निकष, आपल्याला किती पोहोचले?' 'घिवलीचे पापलेट चांगले असते म्हणतात.' कुणीतरी यादीत आठवे नाव म्हणून तिचेच टोपणनाव घातले. एकजण मात्र साताऱ्याहून लिहून गेला की, असेल तसे असो, माझा अँप्लिफायर त्यांनी नीट केला होता, दुसराही त्यांच्याकडेच पाठवतो आहे. त्याच्यामागून आणखी दोघे आले. बाकीचे हसत राहिले. तिने उत्तर दिले नाही. गप्प बसणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, ते तिला आता कळले होते.

शनिवारी पाळी संपवून ती कंपनीच्या फाटकाबाहेर आली. रस्त्यापलीकडे मोटारसायकलला टेकून निमेश उभा होता. केस विंचरलेले नव्हते.

"कुणी सांगितलं तुमाला?" त्याने विचारले.

"ज्यांना माहीत नाही, त्यांनीच."

तो दचकला. "आणि तुमी... तिला काय बोललात?"

"डावा जास्त गोड आहे म्हटलं."

तो बराच वेळ रस्त्यावरच्या टँकरांकडे पाहत राहिला. मग मनगटाने डोळे पुसून म्हणाला, "निकष खोटं बोलली."

"पुरावा आहे तुमच्याकडे?"

त्याला हसू फुटले, तिलाही.

"खोक्यात नवा ट्वीटर आहे ना?" ती म्हणाली. "मग बसवला का नाही?"

"बसवला तर तिच्या हातचं कुंकू जाईल. मी लावलं तर ते तिचं नाय. कुंकू गेलेलं तिला दिसलं, तर ती परत लावेल. दाबून."

"मग?"

"मग परत खोकं. मागवीन. ती लावेल तेवढी मागवीन." त्याने खांदे उडवले. "नाव गेलं तर गेलं म्हटलं. नाव परत मिळवता येतं. तिला जर का कळलं की तिच्या हातानं..." वाक्य त्याने अर्धेच सोडले. "पण तुमी का लिवलं तसं? कारण सांगायचं की. तुमचं हसं तरी झालं नसतं."

"सांगितलं असतं तर चार हजार लोकांना कळलं असतं. त्यातलं कुणीतरी घिवलीला पोहोचलं असतं." ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आणि... हसं व्हायची मला सवय नाही. म्हटलं, एकदा होऊन बघावं."

"कसं वाटलं?"

"वाईट. तुम्ही चार दिवस हेच सोसलंत, हे जास्त वाईट वाटलं."

वारा पडला होता. कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला. निमेशने किल्ली या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा या हातात.

"जागृती मॅडम... नुसतं जागृती म्हटलं तर चालंल?" त्याने श्वास घेतला. "मला तुमी आवडता. त्या खिडकीपासनं. पुरावा काय नाय माझ्याकडं."

"मी मागितला का?"

तो तिच्याकडे पाहतच राहिला. गाल तापल्याचे तिला कळत होते आणि या वेळी ते लपवण्याची तिने तसदी घेतली नाही. "मावशींचा तो चहा राहिलाय," ती म्हणाली. "घेऊन चला."

स्कूटी कंपनीच्या आवारातच राहिली. ती मोटारसायकलवर मागे बसली, क्षणभर विचार केला आणि हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याने किक मारली. लगेच ती पुढे झुकली.

"ब्रेक कधी तपासले होते?"

"परवा."

"कुणी?"

"मीच."

खांद्यावरचा हात तसाच राहिला.

"...चालेल," ती म्हणाली.